कॉलेजची फी, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज : सांगली-साताऱ्याच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी तेवीस वर्षं शिष्यवृत्तीच्या खिडकीमागं बसले. निवृत्त होऊनही फोन थांबले नाहीत. जत, आटपाडी, तासगाव, विटा, कराड, दहिवडी, वडूज, सगळीकडून मे महिना लागला की तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. एवढ्या वर्षांत खरोखर अपात्र म्हणून परत गेलेली मुलं मी थोडीच पाहिली. दाखला उशिरा निघाला, नावात फरक पडला, तारीख गेली, म्हणून हक्काचे पैसे बुडालेली मुलं मात्र पुष्कळ पाहिली, आणि ते अजून मनाला लागतं. सोळा-सतरा वर्षांचं लेकरू ज्यांच्या घरात आहे, त्यांनी निदान प्रश्न ३ आणि १० आत्ताच वाचावेत.

१. कॉलेजनं सांगितलेला फीचा आकडा म्हणजेच सगळा खर्च का?

नाही. त्या आकड्यात ट्यूशन फी म्हणजे शिक्षण शुल्क असतं आणि विकास शुल्क असतं. परीक्षा फी, अनामत, विद्यापीठाची नोंदणी, युनिफॉर्म, प्रवास आणि राहणं-जेवण हे त्यावर. सरकारी मदतीच्या बहुतेक योजना फक्त ट्यूशन फी आणि परीक्षा फीला लागू आहेत, म्हणून फीचा तपशील ओळीओळीनं लेखी मागून घ्या. 'सगळं मिळून एवढे' हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

कॉलेज कोणत्या प्रकारचं यावर आकडा फार बदलतो. कराडचं शासकीय अभियांत्रिकी किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय, सांगलीच्या वालचंदसारखं अनुदानित, खासगी विनाअनुदानित आणि अभिमत विद्यापीठ, असे चार प्रकार धरा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. प्रत्येक कॉलेजची वेगळी असते आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तिच्यापेक्षा जास्त मागणं ही कॅपिटेशन फी, आणि तिला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न ८ मध्ये.

२. आमच्या मुलाला नेमकी कोणती योजना लागू होते?

आधी प्रवर्ग पाहा, मग उत्पन्न. राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी पोर्टलवर एकाच ठिकाणी आहेत.

खुल्या प्रवर्गात घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. आपल्याकडं तिला सगळे 'ईबीसी' म्हणतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मी ट्यूशन फी आणि निम्मी परीक्षा फी शासन भरतं. ओबीसी मुलांनाही व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मी, तर विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे फी आणि वर निर्वाह भत्ता. उत्पन्न अडीच लाखांच्या पुढं गेलं तरी फ्रीशिप आहे. तिच्यात भत्ता नाही, फी माफ होते. पुष्कळ पालक 'आमचं उत्पन्न बसत नाही' म्हणून फॉर्मच भरत नाहीत, आणि दरवर्षी मला ते ऐकून वाईट वाटतं.

अल्पसंख्याक समाजासाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. सांगली भागातल्या जैन शेतकरी कुटुंबांना ती आपल्यासाठी आहे हे पटकन लक्षात येत नाही. जैन समाजाला २०१४ पासून राष्ट्रीय पातळीवरही अल्पसंख्याक दर्जा आहे.

बीए-बीएस्सीला जाणाऱ्या हुशार मुलांसाठी केंद्राचीही एक योजना आहे. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. तो अर्ज महाडीबीटीवर नसतो, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. मुलींचं प्रश्न ६ मध्ये, माजी सैनिक आणि बांधकाम कामगारांचं प्रश्न १४ मध्ये.

३. कागदपत्रं कोणती आणि ती कधी काढायला सुरुवात करायची?

अकरावीच्या दिवाळीत. हे मी काळजीनं सांगते आहे, कारण निकाल लागला की सेतू केंद्रावर सकाळी सातपासून रांग असते, सर्व्हर बसतो, आणि तलाठी नेमके त्याच आठवड्यात पंचनाम्याला गेलेले असतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून. शेती असेल तर तलाठ्याचा अहवाल, नोकरी असेल तर पगाराचं प्रमाणपत्र किंवा फॉर्म १६. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळं एक वर्षाचा घेतला असेल तर दर एप्रिलनंतर नवा लागतो. तीन वर्षांचा मिळत असेल तर तोच घ्या.

मागास प्रवर्गासाठी जातीचा दाखला, आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांना नॉन क्रिमीलेअर. नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. खुल्या प्रवर्गातून ईडब्ल्यूएसची, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाची जागा हवी असेल तर तो दाखला वेगळा, आणि तो त्याच आर्थिक वर्षाचा लागतो.

सगळ्यात वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. जिल्हा जात पडताळणी समितीकडं अर्ज जातो, जुने पुरावे लागतात. पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जन्म-मृत्यूचा गाव नमुना शोधत फिरावं लागतं. घरात चुलत्याची किंवा आत्याची व्हॅलिडिटी असेल तर काम फार सोपं होतं, म्हणून आधी भावकीत विचारा. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांचे अर्ज कॉलेजमार्फत जातात. ती संधी सोडू नका.

शिवाय अधिवास म्हणजे डोमिसाईल, दहावी-बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार.

४. मुलाच्या आणि वडिलांच्या नावात कागदोकागदी फरक आहे. चालेल का?

चालत नाही, आणि हे कॉलेजात गेल्यावर नव्हे, आत्ता दुरुस्त करायचं. जत भागातले एक पालक माझ्या खिडकीशी आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घडी घालून, वर रबर लावून आणलेले. दहावीच्या गुणपत्रकावर वडिलांचं नाव दत्तात्रय, आधारवर दत्तात्रेय, बँकेच्या पासबुकावर नुसतं दत्ता. माणूस एकच, कागदावर तीन. तालुक्याला दोन आणि बँकेत तीन खेपा झाल्यावर ते जुळलं, तोवर पोर्टलची तारीख पुढं ढकलली गेली होती म्हणून वाचलं.

मुलाच्या दहावीच्या गुणपत्रकावर जे नाव आहे ते मूळ धरा आणि आधार, बँक, रेशनकार्ड त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करू नका. गुणपत्रक बदलणं सगळ्यात अवघड.

५. महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात पैसेच नाहीत. कुठं गेले?

पासबुकावर लिहिलेल्या खात्यात शिष्यवृत्ती जातेच असं नाही. आधारशी सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात ती जाते. खटाव तालुक्यातली एक मुलगी आठ महिने वाट पाहत होती. शेवटी तपासलं तर पैसे केव्हाच आलेले होते, पण सातवीत असताना गावातल्या एका शिबिरात अंगठा लावून उघडलेल्या खात्यात. घरात कुणाला ते खातं आठवतही नव्हतं.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तिथं बँकेचं नाव दिसतं. वेगळी बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडण्याचा अर्ज पुन्हा द्या. खातं विद्यार्थ्याच्या नावावर हवं, आईवडिलांच्या नाही. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय ठरतं, म्हणून अधूनमधून शंभर रुपये तरी फिरवत राहा.

खातं बरोबर असूनही पैसे नसतील तर पोर्टलवर अर्ज कुणाच्या टेबलावर अडकलाय ते दिसतं : कॉलेजचा लिपिक, प्राचार्य की जिल्हा कार्यालय. बहुतेक वेळा तो कॉलेजातच असतो. जाऊन नम्रपणे, पण दर आठवड्याला विचारा.

६. मुलींना आता सगळं मोफत आहे ना?

सगळं नाही, पण खूप आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी होती. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा.

विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यात नाही. 'मोफत' हा शब्द ऐकून बाप निर्धास्त राहतो आणि प्रवेशाच्या दिवशी विकास शुल्क व हॉस्टेलचे पैसे ऐनवेळी उभे करावे लागतात. घरात पैसे एकाचेच आहेत म्हणून मुलाला इंजिनिअरिंग आणि मुलीला जवळचं बीए, हा हिशोब माझ्यासमोर शेकडो वेळा झाला. आता या निर्णयानंतर मुलीची फी मुलापेक्षा कमी पडते. कृपा करून हिशोब पुन्हा मांडा.

७. कॉलेज म्हणतं, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. भरायची का?

पात्र विद्यार्थ्याकडून शासन भरणार असलेली ट्यूशन फी प्रवेशाच्या वेळी मागू नये, असंच शासनाचं धोरण आहे. ईबीसीचा मुलगा असेल तर निम्मीच ट्यूशन फी आणि बाकीची शुल्कं भरायची. मुलीला पूर्ण माफी असेल तर ट्यूशन फी शून्य.

माझ्या स्वतःच्या भाचीच्या वेळी पुण्यातल्या एका खासगी कॉलेजनं पूर्ण रक्कम मागितली, आणि वर साध्या कागदावर पेनानं लिहिलेली पावती दिली. ते पैसे परत मिळवायला दोन वर्षं गेली. त्यामुळं भरावंच लागलं तर शिक्का आणि क्रमांक असलेली पावती घ्या, आणि 'शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाल्यावर परत' हे पत्रावर लिहून घ्या. भरण्याआधी तंत्रशिक्षण विभागाकडं लेखी तक्रार करता येते. प्रत ठेवा.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक वेगळी गोष्ट आहे. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्यानं कॉलेजला भरायची असते. घरात तो पैसा आला की 'शिष्यवृत्ती आली' म्हणून खर्च होतो, आणि मग परीक्षेचा फॉर्म अडतो. त्यातला फीचा भाग बाजूला काढून ठेवा.

८. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळेल?

ईबीसी, ओबीसीची निम्मी फी, मुलींची पूर्ण माफी, हे सगळं कॅपच्या जागांवरच. व्यवस्थापन कोटा आणि संस्था पातळीवरच्या प्रवेशाला नाही. अभिमत विद्यापीठं राज्याच्या कॅपमध्ये नाहीत आणि त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही, म्हणून तिथं हा हिशोब धरू नका.

माझं स्पष्ट मत : एका पर्सेंटाइलसाठी आवडीचं कॉलेज हुकलं म्हणून मॅनेजमेंट कोट्याला जाण्यापूर्वी, कॅपमधलं दुसरं कॉलेज आणि चार वर्षांची वाचणारी फी एका कागदावर मांडा. आकडे समोर आले की घरातलं भांडण निम्मं होतं.

९. टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय? ईबीसीपेक्षा चांगलं का?

अभियांत्रिकी, पॉलिटेक्निक अशा तांत्रिक अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा ट्यूशन फी माफीच्या असतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि जागा गुणवत्तेवर कॅपमधूनच मिळते. चारही वर्षं ट्यूशन फी नाही, दरवर्षी शिष्यवृत्तीची वाट पाहणं नाही. खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी ही ईबीसीपेक्षा नक्की चांगली, पण जागा थोड्या असल्यानं कट-ऑफ वर जातो. ऑप्शन फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएसचा कोड वेगळा असतो, तो वेगळा निवडावा लागतो. नुसतं कॉलेजचं नाव निवडून ही जागा मिळत नाही. या जागेवर पुढं कॉलेज बदलू देत नाहीत.

१०. आमचा पैसा ऊसबिलावर. फी जुलै-ऑगस्टला आणि बिल नंतर. मधला खड्डा कसा भरायचा?

आपल्या जिल्ह्यांचा हाच खरा प्रश्न आहे, आणि पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात याचं उत्तर सापडत नाही. तिथं पगार दर महिन्याला येतो. आपल्याकडं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तरी हप्त्याहप्त्यानं बिल घेणं आपल्या अंगवळणी पडलंय. तासगाव-मिरज भागात द्राक्ष फेब्रुवारी ते एप्रिल, बेदाणा शीतगृहात ठेवून भाव पाहून सौद्याला. हळदीचं तसंच. म्हणजे घरात पैसा असतो तो हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. प्रवेश असतो पावसाळ्यात, जेव्हा खत-बियाणांत सगळं अडकलेलं असतं.

मी पालकांना असं सांगते. मूल अकरावीला गेलं की त्या हंगामातल्या बिलातून एका सहामाहीच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला काढा आणि तिची एक वर्षाची मुदत ठेव करा, म्हणजे ती प्रवेशाच्या पावसाळ्याच्या आत हाताशी येते. बारावीच्या हंगामात तेवढीच रक्कम पुन्हा. प्रवेशाच्या महिन्यात ती मोडायची. शिष्यवृत्ती आली की त्याच ठेवीत परत भरायची, घरखर्चात नाही. एवढं केलं की पतसंस्थेचं महागडं कर्ज आणि सोनं गहाण ठेवणं टळतं.

सोनं ठेवावंच लागलं तर बँकेत ठेवा. साताऱ्याच्या मातीत शिक्षणासाठी सोनं मोडण्याची मोठी परंपरा आहे. बोर्डिंगमधल्या पोरांना जेवू घालायला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकलं होतं. पण त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. आज आईच्या गळ्यातलं काढण्याआधी प्रश्न २ आणि ११ मधले सगळे दरवाजे ठोठावून पाहा.

११. शैक्षणिक कर्जाला तारण लागतं का? व्याजाचा भार किती होतो?

४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. एवढ्या कर्जाला स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेत तारण आणि बाहेरचा जामीनदार दोन्ही लागत नाहीत. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शाखेत कुणी 'शेताचा उतारा आणा' म्हणालं तर हा नियम सांगा आणि नकार लेखी मागा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे त्याची नोंद राहते.

आता व्याज. समजा चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख उचललं, दर १० टक्के, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं सरळ व्याज ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,०००, चौथ्यावर २०,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे हप्ते सुरू होताना ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. हे आकडे मी पालकांना कागदावर लिहून दाखवायचे, कारण 'नोकरी लागेपर्यंत काही भरायचं नाही' एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलेलं असतं. शिकत असतानाच दर महिन्याचं व्याज भरत गेलात तर हा डोंगर उभा राहत नाही, आणि बऱ्याच बँका त्यासाठी दरात एक टक्का सूटही देतात.

व्याजात सरकारी मदत दोन प्रकारची. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमाच्या कर्जावर शिक्षणाच्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर बघा. ओबीसी मुलांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे.

१२. माझं सोसायटीचं पीककर्ज थकलंय. मुलाला शैक्षणिक कर्ज मिळेल?

अवघड जातं, पण दार बंद नसतं. बँक सहकर्जदाराचा इतिहास बघते. वडिलांऐवजी आई सहकर्जदार होऊ शकते, तिच्या नावावर थकबाकी नसेल तर तसा अर्ज करा. थकबाकी लपवू नका. आधार-पॅनवर सगळं दिसतं, आणि लपवलेलं सापडलं की शाखाधिकाऱ्याचा विश्वास उडतो. शक्य असेल तर बारावीच्या वर्षातच कर्ज नवं-जुनं करून घ्या, म्हणजे प्रवेशाच्या वेळी खातं नियमित दिसेल.

१३. फीपेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च जास्त आहे. त्याला काही मदत?

आहे, आणि ती सगळ्यात कमी वापरली जाते. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात, शहर मोठं तशी रक्कम मोठी. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तो ईबीसीसोबत घेता येतो. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसीलमधून आधीच काढा. भाड्याच्या खोलीत राहत असेल तर भाडेकरार लागतो, तोंडी व्यवहार चालत नाही.

कर्मवीरांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' इथंच रुजवलं. आजही कितीतरी कॉलेजांत ही योजना चालते : ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, ऑफिस इथं रोज थोडे तास काम आणि तासावर मोबदला. त्यात पोराचा मेसचा बराचसा भार सुटतो. काम हलकं समजून मुलं संकोचतात. माझ्या कॉलेजात ग्रंथालयात पुस्तकं लावणारा एक मुलगा पुढं त्याच कॉलेजात प्राध्यापक झाला.

जवळचं गाव असेल तर हॉस्टेलच नको, एसटीचा विद्यार्थी पास काढा. प्रवासभाड्याचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो.

१४. वडील माजी सैनिक आहेत किंवा गवंडीकाम करतात. वेगळं काही?

दोघांनाही आहे. अपशिंगे मिलिटरी हे नावच असलेलं गाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे, तिथं हे घराघरात माहीत असायला हवं. माजी सैनिकांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात. अट : बारावीला किमान ६० टक्के आणि व्यावसायिक पदवी अभ्यासक्रम. अर्ज पहिल्याच वर्षी करायचा, चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. वडील अजून सेवेत असतील तर ही योजना नाही.

गवंडी, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम करणाऱ्यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली असेल आणि ती चालू असेल, तर पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,०००, अभियांत्रिकीसाठी ६०,००० आणि वैद्यकीयसाठी १ लाख रुपये मिळतात. नोंदणी दर वर्षी नूतनीकरण करावी लागते, आणि त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला.

१५. दोन शिष्यवृत्त्या एकत्र घेता येतात का?

एकाच कामासाठी दोन नाहीत. फीसाठी एक आणि राहण्यासाठी दुसरी, असं जमतं (प्रश्न १३). तांत्रिक शिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. तिचा अर्ज भरण्याआधी दुसऱ्या शिष्यवृत्तीबद्दलची अट नीट वाचा, आणि फीमाफी व ५०,००० यांत जास्त काय पडतं ते मोजा.

१६. आम्ही विटा-आटपाडीचे, गलाईच्या धंद्यानिमित्त तमिळनाडूत असतो. मुलगा तिकडंच बारावी झाला. महाराष्ट्रात प्रवेश आणि सवलत मिळेल?

खानापूर-आटपाडीतली हजारो कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलीत, त्यामुळं हा प्रश्न दरवर्षी येतो. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, मुलाची दहावी-बारावी बाहेर झाली असली तरी त्याचा किंवा आईवडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर तो 'टाईप बी'मधून राज्याचा उमेदवार ठरतो. त्यासाठी गावचं घर, रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा जपून ठेवा. सीईटी मात्र आपल्या राज्याचीच द्यावी लागते. वैद्यकीयला नियम कडक आहे : राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, मोजके अपवाद सोडून. मुलाला डॉक्टर करायचा विचार असेल तर नववीतच गावी आणा.

१७. एक वर्ष नापास झाला किंवा प्रवेश रद्द केला, तर?

नापास झालेल्या वर्षाची शिष्यवृत्ती पुन्हा मिळत नाही. पुढच्या वर्गात गेल्यावर नूतनीकरण करता येतं, पण ईबीसीत शिक्षणात दोन वर्षांचा खंड पडलेला चालत नाही, आणि ती घरातल्या दोनच मुलांना आहे. हजेरीही बघतात.

प्रवेश रद्द करायचा असेल तर कॅपच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या आत ऑनलाइन अर्ज करा. १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली की अनामत सोडून काहीच परत येत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही.

१८. पोरगी आठवीत आहे. सुकन्या योजनेत आत्ता पैसे घातले तर?

सुकन्या खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, त्यामुळं आता नाही. धाकटी असेल तर तिचं उघडा. तिथंही एक गोष्ट लक्षात ठेवा : मुदत खातं उघडल्यापासून २१ वर्षांची, मुलीच्या वयाच्या २१ पर्यंतची नाही. शिक्षणासाठी ती अठराची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

आठवीतल्या मुलीला पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव बरोबर बसते. महिना ३,००० रुपये म्हणजे मुद्दल १ लाख ८० हजार आणि वर व्याज, नेमकं प्रवेशाच्या सुमारास. दूधबिलातून परस्पर कापून घेता आलं तर उत्तम.

१९. फी भरल्यावर इन्कम टॅक्समध्ये सूट?

जुनी कररचना घेतली असेल तरच. ट्यूशन फी ८०सी मध्ये, दोन मुलांपर्यंत. शैक्षणिक कर्जाचं व्याज ८०ई मध्ये, आठ वर्षांपर्यंत.

२०. मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना घरातला कर्ता माणूस गेला. आता शिक्षण थांबवावं का?

थांबवू नका. असा फोन आला की मी आधी एवढंच सांगते, मग बाकीचं.

प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, मृत्यूचा दाखला जोडा, फीचे हप्ते मागा. बहुतेक कॉलेजांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो. तो मागणाऱ्यालाच मिळतो. उत्पन्नाचा दाखला नव्या परिस्थितीप्रमाणं आईच्या नावानं काढा. आधी आठ लाखांच्या वर असलेलं घर आता योजनेत बसू शकतं. शैक्षणिक कर्ज मधल्या वर्षापासूनही, उरलेल्या वर्षांसाठी मिळतं. वडील नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील तर वारसांचे लाभ वेगळे आहेत. बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड, विम्याच्या पावत्या, सोसायटीचा शेअर दाखला एकत्र करा. छोटे अपघात विमे बऱ्याच खात्यांना जोडलेले असतात आणि त्यांना दाव्याची मुदत असते.

पलूस भागातली एक मुलगी वडील गेल्यावर पंधराव्या दिवशी आईला घेऊन माझ्याकडं आली होती, प्रवेश रद्द करायचा अर्ज लिहूनच. आम्ही तो बाजूला ठेवला आणि त्याच कागदाच्या मागं हप्त्यांचा अर्ज लिहिला. त्या वर्षी परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तिची आई दूध डेअरीचं पाकीट घेऊन आली, त्यात सुटे धरून पहिला हप्ता बरोबर होता. पावती तिनं दोनदा वाचून पदराच्या गाठीत बांधली. मुलगी आज इस्लामपूरला नोकरीला आहे.